जामीन कोण?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण चौरंगावर काय काय मांडतो, ते एकदा नीट पाहावे. नाणी, दागिने, लाह्या-बत्तासे आणि केरसुणी ही तर घरोघर असतातच. पण पेढीवर मानाची जागा असते ती नव्या कोऱ्या वहीला. गंमत अशी की, त्या वहीत एक पैसाही नसतो. तिच्यात पुढे लिहिले जाणार असते ते एवढेच, की अमक्याकडून इतके येणे आणि तमक्याला इतके देणे. म्हणजे लक्ष्मीच्या शेजारी बसवून आपण ज्याला हळदकुंकू वाहतो ती संपत्ती नव्हे, तो विश्वास आहे. या विश्वासाला मराठीत दोन अक्षरांचा एक नेटका शब्द आहे : पत.

आता वहीची जागा पुष्कळ ठिकाणी तळहातात मावणाऱ्या कार्डाने घेतली आहे. दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पाने अमक्या कार्डावर इतकी सवलत, तमक्या कार्डावर तितके बक्षीस अशा जाहिरातींनी भरून जातात. फराळाला जमलेल्या मंडळींत निदान एक तरी भाचा असा निघतोच, की ज्याला जगातल्या दुर्मिळ कार्डांची माहिती तोंडपाठ असते. कुठले कार्ड धातूचे, कुठले निमंत्रणाशिवाय मिळत नाही, कुठल्यावर विमानतळावर फुकट जेवण, हे तो रंगून सांगतो आणि आपण करंजी मोडत ऐकतो. मी रत्नागिरीचा रहिवासी आणि जुन्या कागदपत्रांचा शौकीन. मला ते ऐकताना नेहमी वाटते, की ही दुर्मिळ पतीची कथा आमच्या कोकणात फार जुनी आहे आणि ती सांगण्यासारखी आहे.

प्रथम नव्याचा परिचय थोडक्यात करून घेऊ. या कार्डाचा जन्म १९५० सालचा, न्यूयॉर्कचा. फ्रँक मॅक्नमारा नावाच्या गृहस्थाने तेथे डायनर्स क्लब काढला. हॉटेलात जेवण झाले आणि खिशात पाकीट नाही, अशी फजिती झाली व त्यातून कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. ती जाहिरातीत शोभण्याइतकी गोड असल्यामुळे इतिहासकाराने चिमटीतच धरलेली बरी. पहिली कार्डे पुठ्ठ्याची होती. सभासदाने कार्ड दाखवून जेवायचे, महिनाअखेर क्लबने त्याला बिल पाठवायचे आणि हॉटेलवाल्याचे पैसे क्लबने भागवायचे; मात्र शेकडा सात कापून. हे शेकडा सात वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

पुढे १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेने सुमारे ६० हजार कार्डे लोकांना न मागता टपालाने पाठवून दिली. असे प्रकार इतके वाढले, की १९७० साली अमेरिकेला न मागता कार्ड पाठवण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. आपल्याकडे डायनर्स क्लब १९६१ साली आला आणि सेंट्रल बँकेने १९८० साली देशातल्या बँकेचे पहिले क्रेडिट कार्ड काढले.

जी वस्तू सर्वांच्या हाती येते तिची मिरवणूक संपते. म्हणून मग दुर्मिळतेचा धंदा सुरू झाला. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीकडे एक गुप्त काळे कार्ड असून ते फक्त अतिश्रीमंतांना मिळते, अशी वदंता वर्षानुवर्षे चालत होती. अखेर १९९९ साली कंपनीने खरोखरच तसे कार्ड काढले. ते मागून मिळत नाही. कंपनी बोलावते तेव्हाच मिळते. पुढे एका अमेरिकन बँकेने पॅलेडियम या मौल्यवान धातूचे कार्ड काढले. अशा कार्डांबरोबर येणारी बक्षिसेही तशीच : विमानप्रवास, विमानतळावरचे खास दालन, दूरध्वनी करताच नाटकाचे तिकीट मिळवून देणारा सेवक.

आता ते शेकडा सात आठवावेत. प्रमाण पुढे कमी झाले, पण तत्त्व तेच राहिले. कार्डावर माल विकणाऱ्या दुकानदाराला त्यातला काही भाग सोडावा लागतो. दुकानदार तो पदरचा सोडत नाही. मालाच्या किमतीत मिसळतो. ती किंमत कार्डवाला देतो आणि रोखीने साबणाची वडी घेणारी बाईही देते. कार्डवाल्याला त्याचा वाटा बक्षीस म्हणून परत मिळतो, बाईला मिळत नाही. थोडक्यात, कुणाच्या तरी फुकट विमानप्रवासात तिचाही एक आणा असतो. बक्षिसाला धनी असतो, तसा त्याला दाताही असतो. फक्त त्याचे नाव कार्डावर छापलेले नसते.

* * *

निवडक माणसालाच मिळणारी पत, आणि त्या पतीपाठोपाठ येणारे मानपान व देणीघेणी, ही गोष्ट १९९९ सालची मुळीच नव्हे. आमच्या जिल्ह्यात ती तीनशे वर्षांपूर्वी घडली आहे. विशेष म्हणजे तिच्यातला धनको पेढीवाला नव्हता, चक्क संन्यासी होता.

चिपळूणजवळच्या डोंगरावर परशुरामाचे देवस्थान आहे. खाली वासिष्ठीची खाडी आणि खाडीच्या काठावर गोवळकोट. सतराव्या शतकाच्या अखेरीस या डोंगरावर ब्रह्मेंद्रस्वामी येऊन राहिले. मूळचे वऱ्हाडकडचे, पूर्वाश्रमीचे नाव विष्णू. हळूहळू त्यांची कीर्ती पसरली. छत्रपती शाहूमहाराज, बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, चिमाजीअप्पा आणि कान्होजी आंग्रे ही मंडळी त्यांना गुरुस्थानी मानू लागली. आरंभी जंजिऱ्याच्या सिद्दीकडेही त्यांचा मान होता. देवस्थानाला पेढे आणि आंबडस ही गावे मिळाली. भक्तांकडून द्रव्य येऊ लागले. स्वामींनी देवळे, तळी आणि विहिरी बांधल्या आणि उरलेले द्रव्य कर्जाऊ दिले, तेही व्याजाने. त्यांच्या ऋणकोंत खुद्द पेशवे होते.

१७२७ साली गोवळकोट-अंजनवेलच्या बाजूचा अंमलदार सिद्दी सात याने परशुरामाचे देवस्थान लुटले. स्वामी उद्विग्न होऊन घाटावर गेले. शाहूमहाराजांनी त्यांना साताऱ्याजवळचे धावडशी गाव दिले आणि तेथेच १७४५ साली ते वारले. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी त्यांचे चरित्र पत्रव्यवहारासह १९०० साली छापले. पारसनीसांनी स्वामींना दिलेले थोरपण इतिहासाचार्य राजवाड्यांना मान्य झाले नाही, आणि त्या निमित्ताने त्या काळी मोठा वाद झाला. स्वामी राष्ट्रगुरू की व्यवहारी देवमाणूस, हा तो वाद. आपल्याला त्यात पडण्याचे कारण नाही. आपला विषय पतीचा, आणि पतीच्या दृष्टीने ही पत्रे म्हणजे रत्नांची खाण आहे.

बाजीरावासारख्या विजयी पुरुषाला कर्ज का लागावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. चौथ-सरदेशमुखी हाती येते ती स्वारी यशस्वी झाल्यावर, तीही अपुरी आणि उशिरा. शिलेदाराचा पगार, घोड्याचा चंदी-वैरणीचा खर्च मात्र स्वारी निघण्याआधी उभा असतो. या दोहोंमधले अंतर कर्जाने भरून काढायचे, दुसरा उपाय नाही. बाजीरावाने स्वामींना लिहिलेल्या पत्रांत हा ताप पदोपदी दिसतो. सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची सालटी गेली, अशा अर्थाचे त्याचे लिहिणे आहे. ज्याच्या घोड्यांच्या टापांनी दिल्लीत धडकी भरे, त्याचे कपाळ सावकाराच्या उंबऱ्याशी झिजत होते!

अशा वेळी स्वामींचे द्रव्य मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. मागणारे अनेक होते. देणारा एक, आणि तोही मनस्वी. शिवाय मला असे वाटते, की पेशव्यांना त्या रुपयांइतकेच स्वामींचे नाव मोलाचे होते. ज्याच्यावर गुरू विश्वास टाकतो, त्याच्यावर सावकारानेही टाकायला हरकत नाही, असा जगाचा हिशेब असतो. पण या पतीची किंमतही होती. स्वामींच्या पत्रांत कधी वस्त्रांची मागणी असते, कधी जिन्नसांची, कधी देवालयासाठी गावाची, आणि देणे थकले म्हणजे रागही असतो. व्याज वहीत लिहिले जाई. मर्जी सांभाळण्याचा खर्च वहीबाहेरचा.

हा वहीबाहेरचा हिशेब किती मोठा होऊ शकतो, ते बाजीरावाच्या मृत्यूनंतर दिसले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव वारला, तो लाखो रुपयांचे कर्ज मागे ठेवून. त्याच्या मोठ्या धनकोंत बारामतीचे जोशी घराणे होते. ते नुसते सावकार नव्हते, सोयरेही होते. बाजीरावाची बहीण भिऊबाई त्या घरात दिली होती. तरीही नानासाहेबाला पेशवाईची वस्त्रे मिळण्याची वेळ आली तेव्हा बापूजी नाईक बारामतीकर स्वतः त्या पदासाठी उभे राहिले आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनी त्यांची बाजू उचलली. नाईकांचे हत्यार कोणते? तलवार नव्हे, खतपत्र. बापाचे कर्ज आधी फेडा, असा तगादा त्यांनी नानासाहेबापुढे लावला.

ऋणकोला जेरीस आणून त्याची गादी मिळवायची, असा हा डाव होता. ज्याने पत दिली त्याला बक्षीस म्हणून मुख्य प्रधानपद हवे होते! यातून नानासाहेब सुटला तो रोकड पुढे करून नव्हे. महादोबा पुरंदरे पुढे आले आणि या देण्याला मी जामीन, असे म्हणाले. डाव तेथेच संपला. पेशवाईची वस्त्रे नानासाहेबाला मिळाली आणि पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. मराठेशाहीच्या एका नाजूक क्षणी सारे तोलून धरले ते एका माणसाच्या शब्दाने. जामीन कोण, या प्रश्नाला उत्तर मिळाले आणि राज्याचा गाडा पुढे चालला.

* * *

समोरासमोरच्या देण्याघेण्यात जामीन उभा करता येतो. पण पैसा पुण्यात आणि देणे राजापुरात असेल तर? राजापूर हे त्या काळचे भरभराटीचे बंदर. इंग्रजांनी तेथे १६४९ साली वखार घातली होती. घाटावरचा माल तेथे उतरे आणि समुद्रावरचा माल घाटावर चढे. रुपयांच्या थैल्या बैलावर लादून घाट उतरायचा म्हणजे चोरांना आमंत्रणच. त्यासाठी हुंडी होती. पुण्याच्या पेढीवर पैसे भरायचे, पेढीने राजापूरच्या आपल्या आडत्याच्या नावे चिठ्ठी द्यायची आणि ती दाखवून तेथे रुपये घ्यायचे. याबद्दल पेढी जो आकार घेई तिला हुंडणावळ म्हणत. काशीयात्रेला जाणारी माणसेसुद्धा कमरेला रुपयांची थैली बांधण्याऐवजी हुंडी घेऊन निघत.

कार्डाची आजची सारी करामत या कागदात होती. दाखवताच पैसे द्यायची ती दर्शनी हुंडी; ठरल्या दिवसांनी द्यायची ती मुदती. कुणाही अनोळखी माणसाला पैसे मिळू नयेत, पत असलेल्या शहाण्यासुरत्या व्यापाऱ्यामार्फतच मिळावेत, म्हणून शाहजोग हुंडी. रकमेत कोणी खाडाखोड करू नये यासाठी रुपये १,००० लिहायचे आणि पुढे त्याचे निमे ५०० त्याची दुप्पट, असेही लिहायचे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत देत, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ. अशी हुंडी कोणाची, तर ज्याच्या नावाला दूरच्या गावी मान आहे त्याची. प्रत्येक शेटजी हुंडी लिहू शके, पण प्रत्येकाची हुंडी काशीला पटत नसे. दुर्मिळ कार्ड ते हेच.

दोन प्रकार तर विशेष सांगण्यासारखे. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात जोखमी हुंडी चाले. तिच्यातली अट अशी, की गलबत सुखरूप पोहोचले तरच पैसे द्यायचे. बुडाले तर देणे नाही. म्हणजे एकाच कागदात उधारीही आणि विमाही! आजचे कार्ड प्रवासाचा विमा मोफत देते म्हणून आपण कौतुक करतो. आमच्या खलाशांच्या मालकांना ती सोय ठाऊक होती. फरक इतकाच, की ती मोफत असल्याचा आव कोणी आणत नव्हते.

दुसरी जिकरी चिठ्ठी. हुंडी लिहिणाऱ्याला शंका असे, की समोरचा आडत्या ऐनवेळी पाठ फिरवील. म्हणून तो त्याच गावातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावे एक वेगळी चिठ्ठी देऊन ठेवी : माझी हुंडी परत फिरू लागली तर तुम्ही ती पटवा आणि माझी अब्रू राखा. हा कागदी जामीनच. हुंडी परत येणे म्हणजे पैसे बुडणे नव्हे, नाव बुडणे होय, हे त्या व्यापाऱ्यांना पक्के माहीत होते.

नाव बुडाल्यावर काय होते, याचे उदाहरण रत्नागिरीच्या डोळ्यांसमोर तीस वर्षे होते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ साली येथे आणून ठेवले. समुद्राकडे पाहणारा त्याचा राजवाडा १९१० साली तयार झाला आणि १९१६ साली राजा येथेच वारला. ज्याच्या राज्यातल्या माणिकांच्या खाणी जगप्रसिद्ध, तो राजा सरकारी तनख्यावर राहू लागला. तनखा पुरेना, म्हणून तो वाढवून मागण्याचे अर्ज जात राहिले आणि बरोबर आणलेली रत्ने एकामागून एक विकली गेली. विचार केला म्हणजे यातले मर्म कळते. रत्न विकता येते, कारण ते काल मिळवलेले असते. पत मात्र उद्यावर मिळते. ज्याचा उद्याच दुसऱ्याच्या हातात गेला, त्याच्यापाशी माणिक असले तरी पत नसते. राजवाडा होता, दरबारी रीतिरिवाज होते. जामीन राहील असे राज्य नव्हते.

* * *

राजाची ही कथा, मग प्रजेची कोणती? ज्या काळात थिबा राजा रत्नागिरीत बसून समुद्र पाहत होता, त्याच काळात त्याच समुद्रातून आगबोटी भरभरून आमची माणसे मुंबईला जात होती. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मुंबईच्या गिरण्यांना सर्वांत जास्त हात पुरवणारा जिल्हा म्हणून रत्नागिरीचे नाव झाले. १८८० साली मनिऑर्डरीचे काम टपालखात्याकडे आले आणि पोस्टमन हा कोकणच्या अर्थव्यवस्थेचा खजिनदार झाला.

गिरणीत नवा लागलेल्या माणसाला पगार लगेच मिळत नसे. महिना भरायचा, त्यावर आणखी काही दिवस थांबायचे, मग रुपये हाती. तोवर खायचे काय? तेथे वाण्याची वही उपयोगी पडे. पण वाणी अनोळखी माणसाला वहीत घालीत नसे. गाववाला किंवा जॉबर येऊन सांगे, हा आपला माणूस, याचे खाते घाला. तेवढ्या शब्दावर तांदूळ मिळे. गिरणगावातले हे पहिले कार्ड. पुठ्ठ्याचेही नव्हे, नुसत्या ओळखीचे. ज्याला गाववाला नसे त्याला पठाणाकडे जावे लागे, आणि पठाणाचा दर रुपयाला महिना आणा म्हणजे वर्षाला शेकडा ७५ असे. गरजवंताला पत महाग आणि सुखवस्तूला बक्षिसासह, हा न्याय नवा नाही.

वाण्याच्या या वहीवर संपही चालत. गिरण्या बंद पडल्या की मजुराचे घर उधारीवर उभे राही, आणि वाण्याने वही मिटली की संपाचा कणा वाके. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात हजारो कुटुंबांनी हे अनुभवले. महिने लोटले, उधारी थकली आणि अनेक चाकरमानी बिछाना गुंडाळून कोकणात परतले.

या सगळ्यात बायकांची पत कुठे होती? व्याकरणाने पत या शब्दाचे सामान्यरूप पती असे होते, आणि गावाकडच्या बाईच्या बाबतीत ते शब्दशः खरे होते : तिची पत म्हणजे तिचा पती. मनिऑर्डर आली तर दुकानदार ओळख दाखवी. दोन महिने चुकली की तोच दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. मुंबईत एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची स्थिती याहून विचित्र. त्या स्वतः तीस-तीस माणसांना महिनाभर उधारीवर जेवण घालीत, म्हणजे खऱ्या अर्थाने सावकारी करीत. पण त्यांना स्वतःला कर्ज मिळे ते जबर व्याजाचेच.

ही कोंडी १९७५ साली फुटली. प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. बँकेला तारण हवे. या बायकांपाशी तव्या-परातींशिवाय काय होते? तेव्हा त्यांचे गट झाले आणि गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज दिले आणि बायकांनी ते फेडले. महादोबा पुरंदऱ्यांनी पेशव्यासाठी जे केले, तेच लालबाग-परळच्या बायकांनी एकमेकींसाठी केले. पहिल्या गोष्टीला इतिहासात पान मिळाले. दुसरीलाही मिळायला हवे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

* * *

आता पुन्हा फराळाच्या बैठकीतल्या त्या भाच्याकडे वळू. जगातले सर्वांत दुर्मिळ कार्ड कोणते, याचे त्याचे उत्तर काळे कार्ड असे असेल. रत्नागिरीपुरते माझे उत्तर निराळे आहे. आमच्याकडे मिळायला अवघड असे कार्ड म्हणजे किसान क्रेडिट कार्ड.

हे कार्ड १९९८ साली सुरू झाले. पीक काढण्यासाठी लागणारी रक्कम शेतकऱ्याला दरवेळी नवा अर्ज न करता उचलता यावी, हा हेतू. पुढे ते यंत्रातून पैसे काढता येणाऱ्या कार्डाच्या रूपात आले आणि मच्छीमारांनाही मिळू लागले. तारणाशिवाय मिळणाऱ्या शेतीकर्जाची मर्यादा २०१९ साली १ लाख ६० हजार आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपये झाली. व्याज शेकडा ७, आणि वेळेवर फेडणाऱ्याला आणखी ३ ची सूट. विमानतळावरच्या फुकट जेवणापेक्षा हे बक्षीस किती मोठे, ते पठाणाचा दर आठवला म्हणजे कळेल. शिवाय येथे बक्षीस मिळते ते खर्च केल्याबद्दल नव्हे, फेडल्याबद्दल. मला तर सगळ्या कार्डांत हेच शहाणे वाटते.

मग अडते कुठे? सातबाऱ्यावर. कोकणातली जमीन तुकड्यातुकड्यांची आणि तीही सामाईक. पणजोबांच्या नावाखाली आजोबा व त्यांचे भाऊ, त्यांच्याखाली त्यांची मुले, लग्न होऊन गेलेल्या लेकी, त्यांचे वारस. कोणी दादरला, कोणी डोंबिवलीला, कोणी परदेशात. आमच्या स्वतःच्या बागेच्या उताऱ्यावर तेवीस नावे आहेत, त्यांतली सहा माणसे कधीच स्वर्गवासी झाली. कर्जाचा बोजा चढवायचा तर बँक खातेदारांची संमती मागते, आणि ते रास्तही आहे. पण झाडाला पाणी घालणारा एक आणि सही देणारे बावीस!

आमच्या शेजारी एक वयस्क बागायतदार आहेत, त्यांना आम्ही बापूकाका म्हणतो. त्यांना मी एकदा विचारले, "काका, कार्ड काढलंत का नाही?"

ते म्हणाले, "अरे, तो काळा कार्ड काय तो एक वेळ मिळेल. सहीसाठी बावीस घरं कुठं फिरू? त्यातल्या दोघांशी बोलणं नाही, आणि एकाचा पत्ता नाही."

अशा वेळी काका काय करतात? पूर्वीपासून कोकणातला बागायतदार जे करत आला तेच. आंब्याला मोहोर येतो तो थंडीत. तुडतुड्यावर फवारणी, राखण, पेट्या, मजुरी हा खर्च तेव्हापासून सुरू. पैसा येतो तो चैत्र-वैशाखात. बाजीरावाच्या स्वारीचे आणि हापूसच्या बागेचे अर्थशास्त्र एकच : खर्च आधी, वसुली मागून. मधली उचल मुंबईचा दलाल देतो. त्याला सातबारा लागत नाही, बावीस सह्या लागत नाहीत. तो माणसाला ओळखतो, बागेला ओळखतो. बदल्यात त्याला माल हवा. तो दुसरीकडे घालायचा नाही आणि भाव तो सांगेल तो. मी दलालाला दोष देत नाही; बँक पोहोचत नाही तेथे तो पोहोचतो. पण ही पतही जुन्याच जातीची आहे, जिचे व्याज वहीत थोडे आणि वहीबाहेर फार.

तात्पर्य, तीनशे वर्षांत कागद बदलला, प्रश्न बदलला नाही. स्वामींच्या वहीपासून पॅलेडियमच्या पत्र्यापर्यंत प्रत्येक पत एकच गोष्ट विचारते : जामीन कोण? काळ्या कार्डवाल्याचा जामीन त्याचीच शिल्लक असते, म्हणून त्या कार्डाचे मला फारसे कौतुक नाही. ज्याला उधारीची गरज नाही त्याला उधार देण्यात कसले धाडस? पेशव्याला पुरंदरे मिळाले, हुंडीला जिकरी चिठ्ठी मिळाली, चाकरमान्याला गाववाला मिळाला, खाणावळवालीला शेजारीण मिळाली. थिबाला कोणी मिळाले नाही. आणि बापूकाकांना बावीस नातेवाईक असून मिळत नाहीत, ही आमच्या काळाची शोकांतिका म्हणावी की विनोद, ते वाचकांनी ठरवावे.

उपाय मात्र फार मोठा नाही. वारसांच्या नोंदी वेळेवर कराव्यात, मयतांची नावे कमी करून घ्यावीत, आणि सर्वांच्या संमतीने वाटप करायचे तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. कायदा तयार आहे; तयारी हवी ती माणसांची. गणपतीला आम्ही सारे एका माजघरात जमतो, आरत्या घसा बसेपर्यंत म्हणतो, उकडीच्या मोदकांचा हिशेब ठेवतो. सातबाऱ्याचा विषय मात्र कोणी काढत नाही, कारण तो काढला की आरतीचा सूर बिघडेल अशी भीती वाटते. पुढच्या गणपतीत मी तो काढणार आहे. तेवीस नावांपैकी जी जिवंत आहेत, त्यांनी एकेक सही दिली तरी पुष्कळ झाले. गावच्या घरासाठी एवढे जामीन राहण्याइतके नाते आपल्यात अजून उरले आहे, असे मला वाटते.